एका लॅपटॉपवर पाच स्थानके: व्हर्च्युअल मशीन वापरून नेटवर्कची प्रयोगशाळा उभारताना

नेटवर्क शिकायचे असेल तर ते बिघडवून पाहावे लागते, आणि आपले चालू नेटवर्क बिघडवू देणारे कार्यालय किंवा महाविद्यालय सहसा सापडत नाही. म्हणून विद्यार्थी राउटिंग, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची (पॅकेटची) वाट ठरवण्याची रीत, पुस्तकातून पाठ करतो, परीक्षेत आकृती काढतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका पिंगला, म्हणजे पलीकडचे यंत्र आहे का या चाचणीला, उत्तर येत नाही म्हणून गोंधळून बसतो. ही उणीव साधा लॅपटॉप आणि विनामूल्य मिळणारी साधने यांवर भरून काढता येते. या लेखात पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे संगणक, एकमेकांना जोडून एक छोटे पण खरे नेटवर्क उभे करायचे आहे, ते चालवायचे आहे आणि मग हेतुपुरस्सर तोडायचे आहे. वाचकाला आयपी पत्ता आणि सबनेट म्हणजे काय हे ढोबळपणे माहीत आहे आणि लिनक्सच्या काळ्या पडद्याची त्याला भीती वाटत नाही, एवढेच मी गृहीत धरले आहे.

एक व्यवस्था आधी सांगतो. आज्ञा इथे जशा उच्चारल्या जातात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या आहेत.

नकाशा

यंत्रांना एक, दोन, तीन अशी नावे दिली तर तासाभरात कोणते कोण ते विसरायला होते. म्हणून मी रेल्वेचा नकाशा वापरतो. कोल्हापूरहून निघालेला लोहमार्ग मिरजेला येतो. मिरजेहून एक मार्ग पंढरपूरवरून कुर्डुवाडीला जातो आणि दुसरा सांगली, सातारा करत पुण्याला जातो. कुर्डुवाडीहून एका बाजूला सोलापूर आहे, तर दुसऱ्या बाजूला दौंडवरून पुणे. म्हणजे मिरज, कुर्डुवाडी आणि पुणे यांचा एक त्रिकोण होतो, आणि त्याच्या दोन कोपऱ्यांना कोल्हापूर व सोलापूर ही टोके लटकलेली आहेत. आपल्या प्रयोगशाळेत तीन जंक्शने राउटर, म्हणजे पॅकेट पुढच्या तारेवर ढकलणारी यंत्रे, असतील आणि दोन टोके साधे संगणक. मिरज ते कुर्डुवाडी हा थेट मार्ग बंद पडला तर पॅकेट पुण्याला वळसा घालून सोलापूरला पोहोचतात का, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

हे काम सिम्युलेटरमध्येही करता येते. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हा त्याचा परिचित नमुना असून चित्र समजण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र सिम्युलेटर म्हणजे उपकरणाच्या वागणुकीची नक्कल करणारा प्रोग्राम असतो. त्याच्या कर्त्याने जेवढे वागणे लिहिले तेवढेच तो दाखवतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरोखरची कार्यप्रणाली चालते. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर पॅकेट पुढे ढकलणारा लिनक्सचा जो गाभा असतो, तोच इथे आपल्या लॅपटॉपवर काम करत असतो, आणि म्हणून त्याच्या खोड्याही खऱ्याच असतात.

लॅपटॉपची तयारी

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय असावी लागते. इंटेलने तिला व्हीटी-एक्स म्हटले आणि एएमडीने एएमडी-व्ही. २००५-०६ पासून ही सोय प्रोसेसरमध्ये येऊ लागली, त्यामुळे आजच्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये ती असते. काही लॅपटॉपवर ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. तिथे जाऊन ती चालू करावी. मेमरी ८ जीबी असली तर आपले काम निवांत होते, कारण डेबियन या लिनक्सला डेस्कटॉपशिवाय प्रत्येकी ५१२ एमबी पुरते आणि पाच यंत्रांचा हिशेब अडीच जीबीवर थांबतो.

व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी इथे व्हर्च्युअलबॉक्स घेतले आहे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, आणि त्यातल्या नेटवर्कच्या सोयी शिकण्यासाठी पुरेशा स्पष्ट आहेत. विंडोजवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) आधीच चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचे चित्र दिसते. त्याचा अर्थ यंत्र चालेल, पण रेंगाळत चालेल. आपल्या प्रयोगांना ते चालून जाते.

मूळ यंत्र एकदाच, पण नीट

पाच वेळा डेबियन स्थापित करण्यात एक अख्खा रविवार जाईल. त्याऐवजी एक मूळ यंत्र तयार करून त्याच्या प्रती काढाव्यात. स्थापनेच्या वेळी त्याला १ जीबी मेमरी आणि ८ ते १० जीबी डिस्क द्यावी. मेमरी नंतर ५१२ एमबीवर आणता येते. रूटचा पासवर्ड विचारला जाईल तेव्हा तो रिकामा सोडावा, म्हणजे आपल्या नेहमीच्या खात्याला सुडोची परवानगी आपोआप मिळते. सॉफ्टवेअर निवडण्याच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढाव्यात आणि फक्त मूलभूत साधनांची खूण ठेवावी.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. या क्षणी मूळ यंत्राला इंटरनेट आहे, कारण व्हर्च्युअलबॉक्स नव्या यंत्राचा पहिला अडॅप्टर (नेटवर्क कार्ड) नॅट प्रकारात ठेवते. प्रती काढून आपण त्या आपल्या बंदिस्त नेटवर्कला जोडल्या की ते इंटरनेट जाणार आहे. म्हणून लागणारी सगळी साधने आताच घ्यावीत: “सुडो एपीटी इन्स्टॉल टीसीपीडंप ट्रेसरूट आयपर्फ३ एफआरआर”. यातले एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर आहे. झेब्रा या जुन्या प्रकल्पातून क्वाग्गा निघाले आणि क्वाग्गातून २०१७ मध्ये एफआरआर वेगळे झाले. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची लुडबुड नको, म्हणून “सुडो सिस्टीमसीटीएल डिसेबल --नाऊ एफआरआर” अशी आज्ञा देऊन ते तूर्त झोपवून ठेवावे.

त्यानंतर ईटीसी, नेटवर्क, इंटरफेसेस या फाइलमध्ये पहिल्या अडॅप्टरसाठी डीएचसीपीच्या (आपोआप पत्ता मागून घेण्याच्या) ज्या ओळी आहेत त्या काढून टाकाव्यात. त्या राहिल्या तर बंदिस्त नेटवर्कमध्ये, जिथे पत्ते वाटणारा कोणीच नाही, तिथे प्रत्येक यंत्र सुरू होताना उगाच पत्ता मागत बसेल. यानंतर यंत्र बंद करावे.

प्रती काढणे

मूळ यंत्रावर उजवे बटण दाबून क्लोन निवडावे. इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली, लिंक्ड क्लोन हा प्रकार निवडावा. त्यात डिस्कची पूर्ण नक्कल न होता मूळ डिस्कपासून झालेले बदल तेवढे साठवले जातात, त्यामुळे पाच यंत्रांना मिळून फारशी जागा लागत नाही. अट एवढीच की मूळ यंत्र नंतर पुसायचे नाही. दुसरी, मॅक पत्त्यांच्या (प्रत्येक अडॅप्टरच्या स्वतःच्या ओळखीच्या पत्त्यांच्या) धोरणात सर्व अडॅप्टरना नवे पत्ते देण्याचा पर्याय निवडावा. एकाच तारेवर दोन यंत्रांचा मॅक पत्ता सारखा असला की पिंग कधी चालते, कधी चालत नाही, आणि कारण शोधता शोधता माणूस स्वतःच्या आकलनावर शंका घेऊ लागतो.

प्रत्येक प्रतीला नाव द्यावे: कोल्हापूर, मिरज, कुर्डुवाडी, पुणे, सोलापूर. यंत्र सुरू केल्यावर “सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम मिरज” अशा आज्ञेने त्याला आतूनही तेच नाव द्यावे आणि ईटीसीतल्या होस्ट्स फाइलमध्ये जुन्या नावाच्या जागी ते लिहावे. पाच काळ्या खिडक्या समोर असताना प्रॉम्प्टमधले नाव हाच एक आधार असतो. खिडकीत अडकलेला माउस किंवा कीबोर्ड उजव्या कंट्रोल कळीने सुटतो.

तारा जोडणे

व्हर्च्युअलबॉक्समध्ये अडॅप्टरचे अनेक प्रकार आहेत, पण या कामाला फक्त तीन समजले तरी पुरते. नॅट प्रकारात यंत्र लॅपटॉपच्या आडून इंटरनेटवर जाते, त्याला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि अशी दहा यंत्रे असली तरी ती एकमेकांना दिसत नाहीत. ब्रिज प्रकारात यंत्र थेट आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर उतरते. अंतर्गत नेटवर्क या प्रकारात लॅपटॉपच्या आतच एक काल्पनिक स्विच तयार होतो आणि त्याचे नाव सारखे असलेले अडॅप्टर त्याला जोडले जातात. आपल्या सगळ्या तारा या तिसऱ्या प्रकारच्या असतील.

ब्रिजबाबत एक इशारा. शिकत असताना मी एका वसतिगृहात प्रयोगाचा डीएचसीपी सर्व्हर चुकून ब्रिज अडॅप्टरवर चालवला होता. माझे यंत्र पत्ते वाटत राहिले आणि अर्ध्या मजल्याचे इंटरनेट संध्याकाळभर बंद राहिले. कारण रात्री उशिरा कळले आणि मी काही दिवस मेसमध्ये उशिरा जेवायला जात होतो. तेव्हापासून प्रयोगशाळेतले एकही यंत्र मी ब्रिजवर ठेवत नाही.

आता पाच तारांना नावे देऊ: कोल्हापूर-मिरजेसाठी कोमि, मिरज-कुर्डुवाडीसाठी मिकु, मिरज-पुण्यासाठी मिपु, कुर्डुवाडी-पुण्यासाठी कुपु आणि कुर्डुवाडी-सोलापूरसाठी कुसो. यंत्र बंद असताना सेटिंगमधील नेटवर्क विभागात अडॅप्टर असे लावावेत. कोल्हापूरचा पहिला कोमि. मिरजेचा पहिला कोमि, दुसरा मिकु, तिसरा मिपु. कुर्डुवाडीचा पहिला कुसो, दुसरा मिकु, तिसरा कुपु. पुण्याचा पहिला मिपु, दुसरा कुपु. सोलापूरचा पहिला कुसो. नाव टंकताना एक अक्षर जरी चुकले तरी व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करत नाही, त्या चुकीच्या नावाचा नवा स्विच मुकाट्याने तयार करते. तार जोडलेली दिसते आणि पलीकडे कोणीच नसते.

पहिल्या अडॅप्टरवर पूर्वीचे नॅट राहू देऊ नये, हेही महत्त्वाचे. ते राहिले तर यंत्राचा डीफॉल्ट मार्ग लॅपटॉपकडे जातो आणि आपण मिरजेकडे पाठवलेले पॅकेट परस्पर बाहेर पडते.

पत्ते

आतून पाहिले असता डेबियन या अडॅप्टरना क्रमाने ईएनपी०एस३, ईएनपी०एस८ आणि ईएनपी०एस९ अशी नावे देते. ही नावे काल्पनिक पीसीआय खाचेवरून ठरतात, मॅक पत्त्यावरून ठरत नाहीत, म्हणून प्रत काढल्यावरही ती बदलत नाहीत. मिरज आणि कुर्डुवाडी या दोघांचाही एस८ मिकु तारेवर आहे. अडॅप्टरची मांडणी मी मुद्दाम तशी केली आहे.

खासगी वापरासाठी राखलेले पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ठरलेले आहेत, आणि आपण त्यांतूनच घेणार आहोत. कोमि तारेवर १९२.१६८.१०.०/२४ हे सबनेट असेल. त्यात मिरज १९२.१६८.१०.१ आणि कोल्हापूर १९२.१६८.१०.१०. कुसो तारेवर १९२.१६८.२०.०/२४, कुर्डुवाडी १९२.१६८.२०.१ आणि सोलापूर १९२.१६८.२०.१०. राउटरांच्या मधल्या तारांवर दोनच टोके असल्याने प्रत्येकी चार पत्त्यांचे सबनेट पुरते. मिकुवर १७२.१६.१२.०/३०, मिरज १७२.१६.१२.१ आणि कुर्डुवाडी १७२.१६.१२.२. मिपुवर १७२.१६.१३.०/३०, मिरज १७२.१६.१३.१ आणि पुणे १७२.१६.१३.२. कुपुवर १७२.१६.२३.०/३०, कुर्डुवाडी १७२.१६.२३.१ आणि पुणे १७२.१६.२३.२. हे सगळे एका कागदावर आकृतीसह लिहून लॅपटॉपशेजारी ठेवावे. मी आजही ठेवतो.

पुणे तूर्त बंदच असू द्यावे. कोल्हापूरवर या तीन आज्ञा द्याव्यात:

“सुडो आयपी लिंक सेट ईएनपी०एस३ अप”
“सुडो आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.१०.१०/२४ डेव्ह ईएनपी०एस३”
“सुडो आयपी रूट अ‍ॅड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१०.१”

शेवटच्या आज्ञेचा अर्थ असा, की ज्या पत्त्याचा मार्ग मला ठाऊक नाही तो मिरजेच्या हवाली करावा. सोलापूरवर त्याचप्रमाणे कुर्डुवाडीला डीफॉल्ट करावे. मिरज आणि कुर्डुवाडीवर वरच्या यादीप्रमाणे एस३ आणि एस८ ला पत्ते द्यावेत, पण डीफॉल्ट मार्ग देऊ नये. अशा आज्ञांनी दिलेली मांडणी यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते. पहिल्या दिवशी ते बरेच असते. मांडणी बिघडली की यंत्र पुन्हा सुरू केले की झाले. हात बसला की हेच पत्ते इंटरफेसेस फाइलमध्ये कायमचे लिहावेत.

पहिले पिंग आणि पहिली फसगत

कोल्हापूरवरून १९२.१६८.१०.१ ला पिंग करावे. उत्तर आले पाहिजे. “आयपी नेबर” म्हटल्यावर मिरजेचा मॅक पत्ता दिसेल आणि तो ०८:००:२७ ने सुरू होत असेल. व्हर्च्युअलबॉक्स आपल्या अडॅप्टरना हीच सुरुवात देते.

आता १७२.१६.१२.१ ला, म्हणजे मिरजेच्याच पलीकडच्या बाजूच्या पत्त्याला पिंग करावे. त्याचेही उत्तर येते, आणि इथे नवखा माणूस खूश होऊन म्हणतो की राउटर चालू झाला. तो चालू झालेला नाही. लिनक्सच्या दृष्टीने पत्ता हा यंत्राचा असतो, विशिष्ट अडॅप्टरचा नसतो. कोणत्याही दाराने आलेले पॅकेट स्वतःच्या पत्त्यावर असेल तर लिनक्स त्याला उत्तर देते. त्यासाठी पॅकेट पुढे ढकलावे लागतच नाही. राउटर चालतो की नाही हे राउटरच्या पलीकडच्या यंत्राला पिंग करूनच ठरते.

म्हणून १७२.१६.१२.२ ला, म्हणजे कुर्डुवाडीला पिंग करावे. उत्तरही नाही, चूकही नाही, नुसती शांतता. पिंग चालूच ठेवून मिरजेवर जावे आणि “सुडो टीसीपीडंप -एन -आय ईएनपी०एस३ आयसीएमपी” चालवावे. त्या अडॅप्टरवरून येणारी-जाणारी पॅकेट टीसीपीडंप पडद्यावर दाखवते. कोल्हापूरची विनंती दर सेकंदाला येताना दिसेल. मग एस३ च्या जागी एस८ घालून पाहावे; तिथे काहीच नाही. पॅकेट मिरजेत शिरते आणि बाहेर पडत नाही. आज्ञेतला -एन विसरू नये. तो नसला तर टीसीपीडंप प्रत्येक पत्त्याचे नाव डीएनएसला विचारायला जाते, आणि आपल्याकडे डीएनएस नसल्याने पडद्यावर ओळी अडखळत येतात.

कारण साधे आहे. लिनक्स मुळात साध्या संगणकाप्रमाणे वागते; दुसऱ्याचे पॅकेट पुढे ढकलण्याची सोय बंद असते. मिरजेवर “सुडो सिसीटीएल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१” ही आज्ञा द्यावी. एस८ वर आता विनंत्या बाहेर पडू लागतील, पण कोल्हापूरच्या पडद्यावर अजूनही शांतताच असेल.

इथे मी वाचकाला पाच मिनिटे थांबायला सांगेन, कारण नोकरीत येणाऱ्या राउटिंगच्या तक्रारींपैकी फार मोठा भाग नेमका असाच असतो. कुर्डुवाडीवर टीसीपीडंप लावावे. विनंत्या तिथपर्यंत पोहोचत आहेत, पण उत्तर निघत नाही. कुर्डुवाडीवर “आयपी रूट” म्हणून तिचा मार्गांचा तक्ता पाहावा. त्यात १९२.१६८.१०.० चा उल्लेखच नाही. कुर्डुवाडीला विनंती मिळाली आहे आणि उत्तर द्यायचेही आहे, पण कोल्हापूर कुठल्या दिशेला आहे हे तिला माहीत नाही. विनंती ज्या दाराने आली त्याच दाराने उत्तर पाठवावे असे सुचायला ती माणूस नाही. प्रत्येक पॅकेटची दिशा तक्त्यावरूनच ठरते, आणि जाण्याचा मार्ग व येण्याचा मार्ग हे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. कुर्डुवाडीला तो मार्ग सांगावा: “सुडो आयपी रूट अ‍ॅड १९२.१६८.१०.०/२४ व्हाया १७२.१६.१२.१”. त्याच क्षणी कोल्हापूरच्या पडद्यावर उत्तरे सुरू होतात.

उरलेले काम आता वाचकाने स्वतः करावे: मिरजेला १९२.१६८.२०.०/२४ चा मार्ग कुर्डुवाडीकडून सांगावा आणि कुर्डुवाडीवरही फॉरवर्डिंग चालू करावे. कोल्हापूरवरून १९२.१६८.२०.१० ला पिंग केल्यावर उत्तरात टीटीएल (पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) ६२ दिसला पाहिजे. सोलापूरचे उत्तर ६४ ने निघते आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

पिंग गप्प का आहे, आणि बोलले तर काय म्हणते

पिंग चालत नाही ही तक्रार पुरेशी नसते. ते कसे चालत नाही यावरून बिघाडाची जागा कळते. नेटवर्क इज अनरीचेबल असा संदेश आला तर पॅकेट आपल्या यंत्रातून निघालेलेच नाही, आपल्याच तक्त्यात मार्ग नाही. डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आले आणि ते सांगणारा पत्ता आपलाच असेल, तर मार्ग आहे पण त्याच तारेवरच्या पुढच्या यंत्राने एआरपीला (मॅक पत्ता विचारणाऱ्या हाकेला) उत्तर दिलेले नाही. ते यंत्र बंद असेल किंवा तारेचे नाव चुकले असेल. डेस्टिनेशन नेट अनरीचेबल असे एखाद्या राउटरच्या पत्त्यावरून आले, तर पॅकेट तिथपर्यंत गेले आणि त्या राउटरच्या तक्त्यात पुढचा मार्ग नाही. आणि नुसती शांतता असेल, तर फॉरवर्डिंग बंद आहे, परतीचा मार्ग नाही किंवा मध्ये फायरवॉल आहे. ही चारही रूपे आपल्या प्रयोगशाळेत एकेक मार्ग काढून किंवा एखादे यंत्र बंद करून मुद्दाम निर्माण करावीत आणि प्रत्येक वेळी संदेश वाचावा. या एका सरावाला एक संध्याकाळ द्यावी असे माझे मत आहे.

मार्ग आपोआप शिकवणे

आता पुणे सुरू करून त्याला पत्ते द्यावेत, मिरज आणि कुर्डुवाडीच्या एस९ ला द्यावेत आणि पुण्यावरही फॉरवर्डिंग चालू करावे. पुढे जाण्याआधी हाताने घातलेले दोन्ही मार्ग “आयपी रूट डिलीट” ने काढून टाकावेत. ते राहिले तर आपोआप शिकलेल्या मार्गांपेक्षा त्यांनाच प्राधान्य मिळेल आणि पुढचा प्रयोग फसेल.

राउटरांनी एकमेकांना आपापल्या तारा कळवून मार्ग आपोआप ठरवावेत यासाठी ओएसपीएफ हा प्रोटोकॉल वापरू. तिन्ही राउटरांवर ईटीसी, एफआरआर, डीमन्स या फाइलमध्ये ओएसपीएफडीसमोर नोच्या जागी येस लिहावे आणि एफआरआर सुरू करावे. मग “सुडो व्हीटीवायएसएच” म्हटल्यावर जो प्रॉम्प्ट येतो तो सिस्कोच्या राउटरसारखाच वागतो. मिरजेवर “कॉन्फिगर टर्मिनल”, मग “राउटर ओएसपीएफ”, आणि मग मिरजेच्या तिन्ही सबनेटसाठी “नेटवर्क १७२.१६.१२.०/३० एरिया ०” अशा ओळी द्याव्यात. कोमि तारेवर दुसरा राउटर नाही, म्हणून “पॅसिव्ह-इंटरफेस ईएनपी०एस३” ही ओळही द्यावी, म्हणजे कोल्हापूरच्या दिशेने विनाकारण हॅलो (शेजारी राउटर शोधणारे ओएसपीएफचे संदेश) जाणार नाहीत. “राइट मेमरी” ने मांडणी जतन होते. कुर्डुवाडी आणि पुण्यावर आपापल्या सबनेटसह तेच करावे. पुण्याच्या एस३ वर मात्र मिपु आहे, त्याला पॅसिव्ह करू नये.

“शो आयपी ओएसपीएफ नेबर” मध्ये दोन्ही शेजारी फुल या अवस्थेत दिसायला पाऊण ते एक मिनिट लागू शकते, घाई करू नये. त्यानंतर “आयपी रूट” मध्ये १९२.१६८.२०.० चा मार्ग मिरजेला आपोआप आलेला असेल. शेजारी जमतच नसतील तर टीसीपीडंपने १७२.१६ च्या तारांवर २२४.०.०.५ या पत्त्यावर जाणारे हॅलो दिसतात का ते पाहावे. ते दर १० सेकंदांनी जायला हवेत.

तोडणे

कोल्हापूरवरून सोलापूरला पिंग चालू ठेवावे. टीटीएल ६२ दिसत असेल. आता मिरजेच्या व्हर्च्युअलबॉक्स खिडकीत, खालच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चित्रावर उजवे बटण दाबून दुसऱ्या अडॅप्टरची जोडणी काढावी. ही तार उपटण्याचीच क्रिया आहे. थोडी पिंगे हरवतील आणि काही सेकंदांत उत्तरे पुन्हा सुरू होतील, पण टीटीएल आता ६१ असेल. म्हणजे उत्तर पुण्याला वळसा घालून, तीन राउटर ओलांडून येत आहे. “ट्रेसरूट -एन १९२.१६८.२०.१०” ने जाण्याच्या वाटेचीही खात्री करून घ्यावी.

त्याच वेळी कुर्डुवाडीवर शेजाऱ्यांची यादी पाहिली तर मिकु तारेवरचा मिरज अजून फुल दिसेल. तार मिरजेच्या बाजूने निघाली आहे. कुर्डुवाडीची तार तर स्विचला लागलेलीच आहे, तिला काही जाणवलेले नाही. तरीही वाहतूक वळली, कारण मिरजेने आपली तार गेल्याची बातमी पुण्यामार्फत पसरवली आणि कुर्डुवाडीने नकाशा नव्याने मांडला. शेजारी म्हणून मिरजेचे नाव मात्र ४० सेकंद हॅलो न आल्यावरच खोडले जाते.

तार पुन्हा जोडावी, ६२ परत येऊ द्यावे, आणि आता जास्त वाईट बिघाड करून पाहावा. मिरजेवर “सुडो टीसी क्यूडिस्क अ‍ॅड डेव्ह ईएनपी०एस८ रूट नेटेम लॉस १००%” ही आज्ञा द्यावी. नेटेम ही तारेवर मुद्दाम बिघाड घडवण्याची लिनक्समधली सोय आहे. तार जागच्या जागी आहे, दिवा हिरवा आहे, पण मिरजेतून त्या दाराने निघणारे प्रत्येक पॅकेट नाहीसे होत आहे. या वेळी पिंग साधारण अर्धा मिनिट ते ४० सेकंद गप्प राहील. कोणालाही तार गेल्याचे कळलेले नाही. कुर्डुवाडीला मिरजेचे हॅलो येणे थांबले आहे आणि ४० सेकंदांची मुदत संपेपर्यंत ती वाट पाहत आहे. दूरसंचार कंपन्यांच्या मार्गांत मध्ये अनेक स्विच असतात आणि तिथे बिघाड बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यासाठी बीएफडी नावाची वेगळी, फार जलद तपासणी ओएसपीएफच्या जोडीला लावतात. आपण आधी सोपा उपाय करून पाहावा. “सुडो टीसी क्यूडिस्क डिलीट डेव्ह ईएनपी०एस८ रूट” ने बिघाड काढावा आणि व्हीटीवायएसएचमध्ये मिकुच्या दोन्ही टोकांवर इंटरफेसखाली “आयपी ओएसपीएफ हॅलो-इंटरव्हल १” आणि “आयपी ओएसपीएफ डेड-इंटरव्हल ४” लिहून प्रयोग पुन्हा करावा. एकाच टोकावर लिहिले तर शेजार जुळणारच नाही, कारण ओएसपीएफ या दोन आकड्यांत फरक चालवून घेत नाही. तेही एकदा करून पाहावे.

नेटेम एवढ्यावर थांबत नाही. “नेटेम डिले ५०एमएस” ने तार लांब करता येते. एकाच टोकाला लावले तर फेरीचा वेळ ५० मिलिसेकंदांनी वाढतो, दोन्ही टोकांना लावले तर १०० ने. सोबत एक टक्का लॉस ठेवून आयपर्फने टीसीपीचा वेग मोजावा आणि नुकसान नसतानाच्या वेगाशी ताडून पाहावा. मात्र नेटेम नसताना आयपर्फ जो वेग दाखवते तो आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग आहे, कोणत्याही तारेचा नव्हे. त्याच्यावरून खऱ्या नेटवर्कबद्दल काही अनुमान काढू नये.

बाहेरचे दार

प्रयोगशाळेला इंटरनेट हवे असेल तर ते एकाच ठिकाणाहून द्यावे. पुण्याला तिसरा अडॅप्टर नॅट प्रकारचा द्यावा, त्यावर डीएचसीपीने पत्ता घ्यावा, एनएफटी या फायरवॉलच्या आज्ञेने ईएनपी०एस९ वरून बाहेर पडणाऱ्या वाहतुकीला मास्करेड (पाठवणाऱ्याच्या पत्त्याजागी पुण्याचा पत्ता घालणे) लावावे आणि पुण्याच्या ओएसपीएफमध्ये “डीफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट” लिहावे. मिरज आणि कुर्डुवाडीला डीफॉल्ट मार्ग आपोआप मिळेल. मास्करेड विसरले तर काय होईल, हे वरच्या परतीच्या मार्गाच्या प्रसंगावरून वाचकाने आधी सांगावे आणि मग पडताळावे.

प्रत्येक मोठ्या प्रयोगाआधी स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावा. पाच यंत्रांपुढे जाऊन वीस-तीस यंत्रांची गरज वाटू लागली की व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडक्यांत माउस फिरवणे कंटाळवाणे होते. तेव्हा जीएनएस३ सारखे साधन घ्यावे, ज्यात आकृती काढली की तारा आपोआप जोडल्या जातात. किंवा लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसकडे वळावे, ज्यांत संपूर्ण यंत्राऐवजी नेटवर्कचा भाग तेवढा वेगळा करता येतो आणि एका यंत्रात शेकडो नोड बसतात. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेले मिनिनेट याच सोयीवर उभे आहे. त्यातही “आयपी रूट” आणि टीसीपीडंप हेच असतील, फक्त मिरज सुरू व्हायला अर्धा मिनिट लागणार नाही.